प्रश्न तुमचे : शाळेतल्या संगणकाचा पाया कोण सांभाळतो?

मागच्या अंकात ‘शुगर’ या मुलांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरची ओळख दिली होती. त्यात प्रत्येक खेळाला किंवा साधनाला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात आणि मुलाने केलेलं काम आपोआप ‘जर्नल’मध्ये साठतं. २००८ मध्ये हे सॉफ्टवेअर सांभाळणारी ‘शुगर लॅब्ज’ ही संस्था सुरू झाली. त्याआधीपासून हे सॉफ्टवेअर ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर येत होतं. त्या लेखात ‘प्लॅटफॉर्म गट’ असा उल्लेख ओझरता आला होता आणि बहुतेक पत्रं त्याच दोन शब्दांवर आली आहेत. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

आमच्या तालुक्यातल्या काही शिक्षकांनी मिळून गट केला आहे. कोणी अ‍ॅक्टिव्हिटी बनवतं, कोणी भाषांतर करतं. प्लॅटफॉर्म गट वेगळा कशाला हवा? त्याने करायचं काय? — एक शिक्षिका, वाळपई

वर्गातला संगणक एकावर एक चार थरांचा असतो, असं समजा. सर्वांत खाली यंत्र. त्यावर डेबियन किंवा फेडोरासारखी लिनक्स प्रणाली. तिच्यावर शुगरचा गाभा, म्हणजे मुलाला दिसणारा पडदा, अ‍ॅक्टिव्हिटींना लागणारी साधनपेटी आणि जर्नलचं कोठार. सर्वांत वर अ‍ॅक्टिव्हिटी. तुमचे शिक्षक वरच्या थरात काम करतात. डेबियनची माणसं खालच्या थरात काम करतात आणि त्यांना तुमचा पाढ्यांचा खेळ माहीतही नसतो. या थरांचे सांधे जिथे जुळतात तिथे प्लॅटफॉर्म गटाचं काम असतं.

हे सांधे नाही सांभाळले तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण पायथन भाषेचं आहे. शुगर आणि तिच्या बहुतेक अ‍ॅक्टिव्हिटी पायथनमध्ये लिहिलेल्या आहेत. पायथन २ या जुन्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये तर ती आवृत्ती उरलीच नाही. २०१० साली कोणी छान खेळ लिहिला आणि नंतर त्याला हात लावला नाही, तर तो आज उघडत नाही. त्यात कोणी काही बिघडवलेलं नसतं, पायाखालची वाळू सरकलेली असते. ती सरकणार हे वर्षभर आधी ओळखायचं, अ‍ॅक्टिव्हिटी लिहिणाऱ्यांना कळवायचं, बदल कसा करायचा ते एका पानावर लिहून द्यायचं आणि बदल झालेली प्रत खऱ्या यंत्रावर चालवून बघायची, हे प्लॅटफॉर्म गटाचं काम.

रोजची कामं म्हणाल तर यंदा कोणत्या प्रणालीची कोणती आवृत्ती वापरायची हे ठरवणं, सगळ्या शाळांसाठी एकच प्रतिमा (म्हणजे संगणकात घालायची तयार प्रत) बनवणं, ती तपासणं, आणि तक्रार आली की दोष कोणत्या थरातला आहे ते शोधून योग्य माणसांकडे पोचवणं. कोणता खेळ शिकवायला चांगला, हे मात्र या गटाने ठरवू नये. तो शिक्षकांचा अधिकार आहे. पाच-सहा शाळांसाठी दोन माणसं पुरतात, तिसरं असेल तर उत्तम. एकटा माणूस मात्र कधीही ठेवू नका.

नवीन प्रणाली घातल्यापासून अर्ध्या जुन्या अ‍ॅक्टिव्हिटी उघडत नाहीत. चिन्ह थोडा वेळ लुकलुकतं आणि मग ‘सुरू झाली नाही’ असा निरोप येतो. संगणक जुना झाला म्हणून असं होतं का? — संगणक शिक्षक, पेडणे

नाही. यंत्राला दोष देण्याआधी शुगरमधलीच ‘लॉग’ नावाची अ‍ॅक्टिव्हिटी उघडा. डाव्या बाजूला नोंदींची यादी दिसते आणि त्यात न उघडलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीचं नाव असतं. तिची सर्वांत ताजी नोंद उघडून थेट तळाशी जा. मधला मजकूर लांबलचक असतो, पण कामाची असते ती शेवटची ओळ.

त्या ओळीत ‘नो मॉड्यूल नेम्ड जीटीके’ असं असेल, तर खिडक्या आणि बटणं काढणारी जुनी साधनपेटी तिथे मागितली आहे. नव्या प्रणालीत ती नाही, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटीचा कोड बदलावाच लागेल. ‘मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट’ असं असेल तर कोड पायथन २ चा आहे. हा बदल त्या मानाने सोपा, लहान अ‍ॅक्टिव्हिटी असेल तर जाणकाराचं एका बैठकीचं काम. आणि ‘नेमस्पेस अमुक नॉट अव्हेलेबल’ असं असेल तर कोड ठीक आहे, फक्त प्रणालीत एक पॅकेज (सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) कमी आहे. ते घातलं की अ‍ॅक्टिव्हिटी चालू. या तिसऱ्या प्रकारातल्या कितीतरी अ‍ॅक्टिव्हिटी लोक ‘बिघडल्या’ म्हणून काढून टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

एक दोष मात्र लॉगमध्ये सहजी सापडत नाही. पायथन २ मध्ये ७ भागिले २ केलं की ३ येत असे, पायथन ३ मध्ये ३.५ येतं. चौकटी मोजणाऱ्या खेळात त्यामुळे सोंगटी दोन घरांच्या मध्ये उभी राहते किंवा गुण अपूर्णांकात दिसतात. अ‍ॅक्टिव्हिटी उघडते, पण चुकीचं शिकवते. म्हणून ‘उघडली’ एवढ्यावर तपासणी संपवू नका, निदान एक डाव पूर्ण खेळून बघा.

नवीन अ‍ॅक्टिव्हिटी घालण्याआधी तिचं वय ओळखण्याची युक्ती अशी : एक्सओ प्रकारची ती फाइल खरं तर साधी झिप असते. ती उघडा. आत ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटी डॉट इन्फो’ ही छोटी मजकुराची फाइल असते. त्यातली ‘एक्झेक’ने सुरू होणारी ओळ वाचा. तिथे ‘शुगर-अ‍ॅक्टिव्हिटी’ या शब्दाला ३ चा आकडा चिकटलेला असेल तर ती पायथन ३ साठी आहे. आकडा नसेल तर नव्या प्रणालीवर ती चालेल अशी आशा धरू नका.

आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. गोव्यातल्या शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली काढायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? — फर्मागुढी

तुमचा उत्साह मोलाचा आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो : स्वतंत्र प्रणाली काढू नका. नाव, चिन्ह आणि पडद्यामागचं मांडवीचं चित्र एका संध्याकाळी होतं. त्यानंतर ब्राउझरमध्ये, जाळ्याच्या भागात, लिनक्सच्या गाभ्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात आणि त्यांची दुरुस्ती दर आठवड्याला शाळांपर्यंत पोचवावी लागते, अगदी परीक्षेच्या दिवसांतसुद्धा. तुम्ही पदवी घेऊन गेलात की ती प्रणाली पोरकी होते आणि शाळेचे संगणक उघडे पडतात.

केरळने हे केलं आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे. तिथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही कंपनी झाली, आणि शाळांसाठी तयार केलेली त्यांची लिनक्स ‘उबुंटू’ या तयार लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे. पण त्यामागे राज्य सरकारचा पैसा आणि पगारी माणसं आहेत. आणि त्यांनीही पाया उबुंटूचाच घेतला.

तुम्ही डेबियन जसंच्या तसं ठेवा आणि त्यावर एकच ‘मेटापॅकेज’ बनवा. त्यात सॉफ्टवेअर नसतं, फक्त यादी असते : शुगर हवी, अमुक दहा अ‍ॅक्टिव्हिटी हव्यात, मराठीचा फाँट हवा, कळफलक हवा. ‘इक्विव्ह्ज’ हे साधन वापरलं तर एका छोट्या मजकुराच्या फाइलमधून असं पॅकेज तयार होतं. शाळेत नुसती डेबियन घातलेली असली तरी हे एक पॅकेज टाकलं की बाकी सगळं मागोमाग येतं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थेट डेबियनकडून येत राहतात. नॉर्वेत २००१ मध्ये ‘स्कोलेलिनक्स’ म्हणून सुरू झालेलं काम पुढे डेबियनमध्येच ‘डेबियन एज्यु’ या नावाने मिसळलं. त्याचा अभ्यास करा. तुम्हाला सापडलेला दोष तिथेच दुरुस्त करून पाठवलात तर तो सांगेच्या शाळेत सुधारतो आणि नॉर्वेतल्याही.

आमच्या शाळेचा पट २२ आणि देणगीत मिळालेले जुने संगणक ६. हार्ड डिस्कला हात नको म्हणून पेनड्राइव्हवरून शुगर चालवली. दोन महिन्यांनी एकेक पेनड्राइव्ह सुरूच होईना. मुलांचं कामही गेलं. पेनड्राइव्ह हलके होते का? — मुख्याध्यापक, सांगे तालुका

हलके असतीलही, पण जास्त शक्यता वेगळीच आहे. पेनड्राइव्हवरची ‘लाइव्ह’ प्रणाली मुळात बदलता न येणारी असते. मुलाने केलेले बदल एका वेगळ्या राखीव जागेत लिहिले जातात, तिला ‘ओव्हरले’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या ओव्हरलेत एक मोठी खोट आहे : एकदा लिहिलेली जागा परत मिळत नाही. मुलाने चित्र पुसलं तरी पुसल्याची नोंद आणखी जागा खाते. त्यात कोणी प्रणाली अद्ययावत केली तर एका दुपारी जागा संपते. जागा संपली की प्रणाली अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते आणि पुन्हा उठत नाही. पेनड्राइव्ह फेकू नका, नव्याने प्रतिमा लिहिली की त्यातले बरेचसे चालतील.

लाइव्ह पेनड्राइव्ह ओळख करून द्यायला, एखाद्या तासाच्या कार्यशाळेला उत्तम. वर्षभराच्या वर्गासाठी प्रणाली डिस्कवर रीतसर बसवा. डिस्क वापरायचीच नसेल तर किमान १६ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हवर लाइव्ह प्रत न लिहिता पूर्ण स्थापना करा. म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा खरोखर मोकळी होते. जुन्या यंत्राला १२० जीबीची एसएसडी बसवता आली तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल. रॅम २ जीबी असेल तर शुगर चालते, फक्त ब्राउझरमध्ये एका वेळी एकच पान उघडं ठेवायची सवय मुलांना लावा.

यंत्र ३२ बिटचं की ६४ बिटचं हे आधी तपासा. फेडोराने २०१९ मध्ये ३१व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या संगणकांसाठी प्रतिमा देणं बंद केलं, डेबियनने ऑगस्ट २०२५ मधल्या १३व्या आवृत्तीत तेच केलं. डेबियन १२ मात्र ३२ बिटवर बसते आणि तिला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. पण आत ३२ बिटचं विंडोज होतं म्हणून यंत्रही ३२ बिटचं, असं धरून चालू नका. कोअर टू ड्युओ प्रोसेसर असेल तर ते ६४ बिटचं आहे.

मुलांच्या कामाची राखण साधी आहे. घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं ‘शुगर’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, जर्नल त्यात असतं. महिन्यातून एकदा ते पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यावर यंत्राचा क्रमांक लिहा.

शुगरमधल्या ‘शेजार’ दाखवणाऱ्या पडद्यावर मुलांना एकमेकांचे संगणक दिसत नाहीत. वायफाय तर एकच आहे. — काणकोण

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ शोधा आणि बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक यंत्राला इंटरनेट मिळतं, पण यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर हे बहुधा चालूच असतं, म्हणून वर्ग त्यावर जोडू नका. एका खोलीतल्या यंत्रांचा शोध २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ क्रमांकाच्या दारातून (म्हणजे पोर्टमधून) चालतो. फायरवॉल असेल तर तेवढं दार उघडा. तरीही दिसत नसेल तर ‘टेलिपथी-सॅल्यूट’ हे पॅकेज तुमच्या प्रणालीत आहे का ते बघा. शेजार जुळवणारा भाग तोच.

एका अ‍ॅक्टिव्हिटीचं मराठी भाषांतर पूर्ण केलं, तरी ती इंग्रजीतच उघडते. आणि जिथे मराठी दिसते तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मुलं पहिलीत वेगळा ‘ल’ गिरवतात. — शिक्षिका, डिचोली

दुसरा मुद्दा तुम्ही काढलात याचा विशेष आनंद झाला. पहिलीतल्या मुलाने वहीत एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसराच ‘ल’ बघावा, ही किरकोळ गोष्ट नाही.

आधी भाषांतर. तुम्ही भरलेली ‘पीओ’ फाइल माणसांनी वाचायची असते. यंत्राला तिच्यापासून बनवलेली ‘एमओ’ फाइल लागते. अ‍ॅक्टिव्हिटीची एक्सओ फाइल रीतसर बांधली तर ही ‘एमओ’ आपोआप बनते. नुसतं फोल्डर झिप केलं तर बनत नाही, आणि बहुतेक वेळा गफलत इथेच झालेली असते. झिप उघडून ‘लोकेल’ फोल्डरच्या आत ‘एमआर’ नावाचं फोल्डर आहे का ते बघा. ते असूनही इंग्रजीच येत असेल तर संगणकात मराठी (भारत) हे लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी, तयार केलेलं नाही. डेबियनमध्ये ते यादीतून निवडून तयार करावं लागतं, मग शुगरच्या सेटिंगमध्ये भाषा निवडून एकदा बाहेर पडून परत आत यायचं. हे लोकेल प्रतिमेतच घालून देणं प्लॅटफॉर्म गटाचं काम आहे, शिक्षिकेवर ती वेळ यायला नको.

आता अक्षरं. नोटो सान्स देवनागरी यासारख्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे असं फाँटला कोणीतरी सांगावं लागतं. प्रणालीची भाषा मराठी असेल तर ते बहुधा आपोआप कळतं. प्रणाली इंग्रजीत ठेवून नुसता मजकूर मराठीत टाकला तर हिंदी वळण येतं. म्हणजे लोकेल नीट केलंत की बऱ्याचदा दोन्ही तक्रारी एकदम मिटतात.

कळफलकाचंही सांगून ठेवतो. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर लिहिताना मुलं साधा ‘र’ वापरतात आणि ‘वार्यावर’ असं उमटतं. शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, मग हलन्त, मग ‘य’. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी लावा. शाळेत कोंकणीही शिकवत असाल तर तिची भाषांतरं वेगळ्या फाइलीत, तिच्या स्वतःच्या संकेताखाली ठेवा. लिपी एक म्हणून दोन्ही एकत्र करू नका.

आमचा गट पाच शाळा बघतो. अद्ययावत कधी करावं? इंटरनेट मंद, त्यात पावसाळ्यात वीज जाते. एकदा तर ऐन तासाला सगळी यंत्रं मंदावली. — मडगाव

तासाला यंत्रं मंदावली ती बहुधा आपोआप होणाऱ्या अद्ययावतीमुळे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर ती बंद करा. पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्या गटाने स्वतः घालायच्या आहेत, हे विसरू नका. पंधरवड्यातून एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर ठीक.

मोठा बदल वर्षातून दोनदाच करा, मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या सुट्टीत. चतुर्थीची सुट्टी मोठी दिसते, पण त्या दिवसांत माणसं मिळत नाहीत आणि पाऊसही असतो. तेव्हा फक्त अडलेलं दुरुस्त करावं. बदलाच्या तीन आठवडे आधी ‘आता नवीन काही घालायचं नाही’ असं जाहीर करा. त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी नवी अ‍ॅक्टिव्हिटी घेऊ नका, ती पुढच्या खेपेला. हे तीन आठवडे फक्त तपासणीचे. पाच शाळांत जितक्या जातींची यंत्रं आहेत, त्या प्रत्येक जातीच्या एका यंत्रावर प्रतिमा घालून आवाज, वायफाय, मराठी, जर्नल आणि छपाई एवढं चालवून बघा. प्रतिमेला साधा क्रमांक द्या, जसा ‘२०२६-१’, आणि तो पडद्यावर दिसेल असा ठेवा. फोनवर तक्रार आली की पहिला प्रश्न तोच विचारता येतो. प्रत्येक प्रतीसोबत एसएचए-२५६ हा पडताळा आकडा लिहून द्या. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर नकलताना फाइल बिघडते आणि मग दोष उगाच सॉफ्टवेअरवर येतो.

इंटरनेटवर उपाय आहे. एका यंत्रावर ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ हे उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारं साधन बसवा आणि बाकीच्यांना त्याच्या ३१४२ क्रमांकाच्या दाराकडे वळवा. २० यंत्रांना प्रत्येकी ३०० एमबी लागत असतील तर एरवी ६ जीबी खाली उतरवावे लागतात. आता पहिलं यंत्र ३०० एमबी आणतं आणि बाकीची १९ ते शाळेतल्या शाळेत घेतात.

विजेचं बघायला हवं. पॅकेजं बसत असताना वीज गेली की प्रणाली अर्धवट राहते. पुन्हा चालू केल्यावर ‘डीपीकेजी’ या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला राहिलेली पॅकेजं पूर्ण करायला सांगणारा आदेश प्रशासक म्हणून द्यावा लागतो, बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं. पण यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेल्या दिवशी हे काम हातात घेऊच नका.

आणि जुन्या यंत्रातली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी तपासा. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ब्राउझर म्हणतो सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचं आहे, अद्ययावत करणारं साधन म्हणतं ही यादी अजून लागूच झालेली नाही, आणि मुलाचं आजचं काम जर्नलच्या तळाशी जाऊन बसतं. तीन वेगळे आजार वाटतात, औषध एकच : ३ व्होल्टची नवी बॅटरी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या पाट्यांवर असं घड्याळ नसतंच, त्यामुळे त्यांना सुरू झाल्याबरोबर जाळ्यावरून वेळ मिळेल अशी सोय करा.

आमचं सगळं एका मुलाच्या लॅपटॉपवर आहे. तो पुढच्या वर्षी नोकरीला जाईल. — म्हापसा

तो जाण्याआधी त्याच्याकडूनच पुढची प्रतिमा दुसऱ्या कोणाच्या तरी हातून बनवून घ्या. त्याने फक्त शेजारी बसायचं, कळफलकाला हात लावायचा नाही. जिथे दुसरा अडेल ती प्रत्येक जागा लिहून काढायची. हे लिहिलेलं टिपण कोणत्याही सूचनापुस्तकापेक्षा उपयोगी पडतं. प्रतिमा बनवण्याच्या फाइली गटाच्या सामायिक खात्यात ठेवा, त्या खात्याची आणि पॅकेजवर सही करणाऱ्या डिजिटल किल्लीची जबाबदारी दोघांकडे हवी. किल्लीची एक प्रत आणि तिचा परवलीचा शब्द वेगवेगळ्या बंद पाकिटांत, शाळेच्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. पाकिटावर तारीख टाका आणि दर मे महिन्यात उघडून किल्ली चालते का ते पाहा.